मी मांडलेली वंदनाची बाग

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाची निराशा नको. यात पांढरी साडी नाही, पैंजणांचा आवाज नाही, अमावस्या तर नाहीच. जे घडलं ते भर उन्हात, घरामागच्या बागेत, हातात खुरपं असताना घडलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय आणि दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. लहानपणी माहेरी, बेंबळीला, कुणाच्या अंगात आलं की बाकीचे हात जोडायचे, आणि मी त्या बाईच्या पापण्या लवतात का ते बघत उभी राहायचे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणूनच वाचत आले. खाली ‘झोप कमी झाली असेल’ अशा कमेंटही टाकल्यात. ज्यांना टाकल्या त्यांनी आता माझं उट्टं काढायला हरकत नाही…

तर घर ढोकीला आहे. कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या टोकाला. कारखाना सुरू झाला की दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात आणि कपडे वाळत घातले की त्यावर काळी राख बसते. माझं लग्न फार उशिरा झालं, पस्तिशी उलटल्यावर. हे बिजवर. हायस्कूलला शिक्षक आहेत. पहिली बायको वंदना आजारपणात गेली, त्याला दहाएक वर्षं झाली. तिची मुलगी ऋतुजा लातूरला फार्मसी करते, हॉस्टेलवर असते, सुट्टीला येते. मला ‘मावशी’ म्हणते, अहोजाहो करते. वागायला अगदी नीट. इतकी नीट, की जवळ जायला जागाच ठेवत नाही.

आणि घरात सगळीकडं वंदना. डाळीच्या डब्यांवर तिचं अक्षर. मसाल्याच्या डब्यात वाट्यांचा क्रम तिचा. गावात कुणाकडं हळदीकुंकवाला गेलं तरी, ‘वंदना काय धपाटे करायची म्हणून सांगू!’ मी धपाटे केले तर म्हणणार, ‘वंदनासारखेच झालेत हो.’ म्हणजे चांगले झाले तरी तिचेच. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. ही बिचारी भिंतीवरच्या फोटोत हसत उभी. तिच्यावर रागवायचं तरी कसं? मी रागवायचे मात्र. मनातल्या मनात, रोज.

घरात एकच जागा अशी होती जिथं ती नव्हती. स्वयंपाकघराच्या मागची.

तिथलं दार कायम बंद. दाराला लावून ज्वारीची पोती आणि एक बिघडलेला कूलर. मी एकदा विचारलं तर हे म्हणाले, “तिकडं काही नाही. साप निघतात.” पोळ्याच्या सुमारास मी पोती ओढली, कूलर सरकवला आणि कडी काढली. दार आतून ढकलूनही उघडेना, बाहेरून वेड्या बाभळीची फांदी दाराला टेकली होती. कसंबसं डोकं बाहेर काढलं. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत लांबच लांब पट्टा… वेडी बाभूळ, रुई, कमरेएवढं गाजरगवत, पडक्या न्हाणीच्या विटांचा ढीग, फाटक्या चपला, बाटल्या. अगदी टोकाला एक कडुलिंब. कुणालाही किळस आली असती. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! इतकी घाण असलेली जागा कुणाचीच नसणार. म्हणजे ती माझी.

यांना म्हटलं, “मागं बाग करते.”

हे वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, “कर. पण खर्चात पडू नकोस.”

खर्चात पडायचं नव्हतंच मला. सगळं फुकटचं जमवायचं, ही माझी हौस होती. बाभळी तोडायला तेवढा एक गडी लावला, बाकी सगळं स्वतः केलं. विळ्यानं गाजरगवत कापलं, हाताला खाज सुटून फोड आले. पलीकडच्या गल्लीत घर बांधत होते, तिथल्या शहाबादी फरशीचे तुटके तुकडे घमेल्यानं वाहून आणले. यांच्या एका विद्यार्थ्याच्या ट्रॉलीतून कारखान्याची मळी आली. वास असा की दोन दिवस शेजारी नाक धरून बोलत होते, पण त्यासारखं खत नाही. उसाचं पाचट जमिनीवर अंथरलं. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ… सगळ्याला भोकं पाडून कुंड्या केल्या. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून मोरीचं पाणी एका चारीनं केळी आणि अळूकडं वळवलं. रोपं मागून आणली. शेवंती बेंबळीहून माझ्या भावजयीनं दिली, मुळासकट.

आराखडा मात्र पूर्ण माझा. दारापासून कडुलिंबाकडं पायवाट. पण सरळ नाही. मधेच ती उजवीकडं वळते आणि पुन्हा डावीकडं येते. का? ठाऊक नाही, सरळ वाट मला शाळेच्या व्हरांड्यासारखी वाटली. वळणाच्या पोटात शेवंतीसाठी अर्धचंद्राचा वाफा. तुळस दारासमोर नाही, तर पार उजव्या भिंतीच्या कोपऱ्यात. कडुलिंबाखाली विटांच्या दोन थरांवर फरशीची लांब पट्टी ठेवून बसायला बाक.

वाफ्याची रेघ मी राखेनं आखली आणि त्या रेघेवर कुदळ मारली. खण्‌ आवाज आला. थोडं पुढं मारली, पुन्हा खण्‌. माती बाजूला केली तर विटा. तिरक्या, एकीला एक लावून पुरलेल्या, करवतीच्या दात्यांसारख्या. मी उकरत गेले आणि विटा माझ्या राखेच्या रेघेखालून वळत गेल्या… या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धचंद्र.

मला वाटलं, जुनी न्हाणी असेल. विटा आयत्या मिळाल्या म्हणून खूशसुद्धा झाले.

शेवंती लावून झाली त्या दिवशी शेजारच्या भागूआत्या भिंतीपाशी आल्या. म्हाताऱ्या आहेत, भिंतीवर हनुवटी टेकवून बोलायची सवय. वाफ्यावरून नजर फिरवली. मग म्हणाल्या,

“ह्यो चांद कुणी काढाय सांगितला गं तुला?”

“कुणी नाही आत्या. मीच काढला.”

“वंदनाचा बी असाच व्हता.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “शेवंतीच लावायची त्यात. आन् तुळस त्या कोपऱ्यात… तितंच. लई बाग केली हुती पोरीनं. आगं बया, समदं हाय तसंच झालंय की!”

मी हातातलं खुरपं खाली टाकलं आणि आत गेले.

संध्याकाळी यांना विचारलं, “मागं वंदनाची बाग होती?”

“होती.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस.” मग माझा चेहरा बघून समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, सावली कडुलिंबाखालीच आहे, मग बाक तिथंच येणार. ऊन जिथं पडतं तिथं फुलं. जागा तीच, माणूस दुसरा काय करणार?”

पटलं. मीही विज्ञानवालीच. पण वाट वळवायला मला उन्हानं सांगितलं होतं का? आणि तुळस कोपऱ्यात ठेवायला? हे मी यांना विचारलं नाही, कारण खरं सांगायचं तर भीती वाटलीच नव्हती. राग आला होता. फोड माझ्या हाताला आले, मळी मी वाहिली, आणि बाग तिची! त्यानंतर हे रोज शाळेतून आले की चहाचा कप घेऊन कडुलिंबाखाली जाऊन बसायला लागले. इतकी वर्षं ते दार उघडायला तयार नसलेला माणूस. मी शेजारी बसायचे. ते बागेकडं बघायचे, मी त्यांच्याकडं बघायचे, आणि मला स्वच्छ कळायचं की या क्षणी बाकावर मी धरून तिघं आहोत आणि त्यातली जास्तीची मी आहे.

दिवाळीला ऋतुजा आली. तोवर शेवंती पिवळी धमक फुलली होती. बॅग खाली ठेवून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि मागचं दार उघडं दिसलं तशी थबकली. मी मागोमाग होते. मला वाटलं आता म्हणेल, मावशी, किती छान केलंत. तिनं डोळे मिटले.

आणि डोळे मिटूनच ती दाराबाहेर पडली. दोन्ही हात अंगाशी. वाट जिथं उजवीकडं वळते तिथं वळली, वाफ्याच्या कडेकडेनं गेली, परत डावीकडं आली. एका पानाला धक्का नाही. कडुलिंबाखाली पोचली, मागं हात न लावता बाकावर बसली आणि मग डोळे उघडले. रडत होती, आणि हसतही होती.

“आईचा आणि माझा खेळ होता हा,” तिनं मला सांगितलं. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. “ती इथं बसायची. मी डोळे मिटून तिच्याकडं यायचं. पानाला हात लागला तर परत दारापासून.”

मी ‘हो का’ म्हटलं. आत येऊन करंज्यांचं सारण उगाच पुन्हा भाजलं.

भाऊबीज झाल्यावर बापलेक तुळजापूरला दर्शनाला निघाले. मलाही चला म्हणत होते. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले. त्यांची एसटी गेली असेल नसेल, मी पहार घेऊन मागं आले.

मला ती बाग मोडायची नव्हती. ती माझीही होती ना! मला ती फक्त वंदनाची राहायला नको होती. आता, स्वतःच्या डोक्यानं नवीन आराखडा केला तर परत गडबड व्हायची. म्हणून मी डोकंच बाजूला ठेवलं. मूठभर खडे घेतले, दारात उभी राहिले, डोळे मिटून गोल फिरले आणि खडा फेकला. पडेल तिथं बाक. दुसरा पडेल तिथं तुळस. तिसरा पडेल तिथं शेवंती. याला शास्त्रात यादृच्छिक म्हणतात, मुलांना मी हेच शिकवते. योगायोगाला वशिला चालत नाही.

पहिला खडा दाराला खेटून डावीकडं पडला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. बाकाला अगदी गैरसोयीची जागा, दुपारी ऊन तोंडावर. तुळशीचा त्याच्याच पुढ्यात. शेवंतीचा दुसऱ्या खिडकीखाली, आमच्या झोपायच्या खोलीच्या. म्हणजे सगळं घराला चिकटून, आणि पुढची एवढी जागा मोकळी. असं कोण करेल? मला तर बरंच वाटलं. पहारीनं फरशी सरकवत सरकवत आणली, कंबर धरली. तुळस उचलली. चंद्राच्या विटा उपटल्या, शेवंती मातीसकट डब्यांमधे भरून खिडकीखाली ओळीनं लावली. वाटेच्या फरश्या काढून दारासमोर जवळजवळ, सपाट बसवल्या. शेवटी घाम पुसत उभी राहिले. दिसायला वाईट दिसत होतं. पण माझं होतं.

ते दोघं आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ऋतुजा प्रसादाची पिशवी ओट्यावर ठेवून, “मावशी, डोकं थांबलं का?” असं विचारतच मागच्या दाराकडं निघाली. आणि उंबऱ्याच्या अलीकडंच तिनं डोळे मिटले. खेळ म्हणून. बाहेरचं तिनं काहीच बघितलं नव्हतं.

जुन्या वाटेनं गेली तर उकरलेल्या खड्ड्यात पाय जाणार. “ऋतुजा, थांब!” मी ओरडले.

ती थांबली नाही. उंबरा ओलांडला, आणि सरळ जायच्या ऐवजी डावीकडं वळली. तुळशीला वळसा घातला. खिडकीखालच्या बाकावर बसली, सकाळी जिथं तो नव्हताच तिथं. आणि डोळे उघडले.

तिनं तुळशीकडं बघितलं, खिडकीखालच्या शेवंतीकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“काय?”

“शेवटच्या वर्षी हे असं होतं. आईला चालवत नव्हतं तेव्हा. माझे पाय आपोआप इकडंच वळले.”

मी मागं वळून बघितलं. हे दारात उभे होते. त्यांनी चौकटीला हात धरला आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

“मीच आणलं होतं सगळं जवळ,” ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, असेच. “कडुलिंबापर्यंत जाववत नव्हतं तिला. बाक इथं घेतला. तुळस समोर, बसल्या बसल्या पाणी घालता यावं म्हणून. शेवंती त्या खिडकीखाली. अंथरुणावरून दिसायची.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “भागूआत्यांनी सांगितलं का तुला?”

“तुम्ही गेल्यापासून मी इथंच आहे. आणि मी खडे फेकले हो… नुसते खडे फेकले.”

मी हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. मग मात्र अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूआत्यांकडं जाऊन विचारलं. त्यांना ती शेवटची मांडणी माहीतच नव्हती. त्या वर्षी त्या लेकीकडं बार्शीला होत्या. फोटो? ऋतुजानं आणि मी कपाटं धुंडाळली. वाढदिवसाचे, लग्नाचे, स्टुडिओतले. मागच्या बागेचा एकही नाही. असता तरी काय? फेकलेल्या खड्याला फोटो दिसतो का?

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. इथपर्यंत मी अजूनही ‘लाखात एक असा योगायोग’ म्हणून सोडून दिलं असतं.

ऋतुजा लातूरला परत निघायची होती त्या सकाळी आम्ही तिघं मागं चहा घेत होतो. ती एकदम म्हणाली, “मावशी, तुम्ही मिटा डोळे. तुम्ही कडुलिंबापासून दारापर्यंत या. मी बसते इथं.”

मी नको नको म्हणत गेले. तिनं मला काही करायला सांगितलं होतं, हेच मला खूप वाटत होतं. कडुलिंबाला पाठ लावून डोळे मिटले. समोर आता वाट नव्हती, मोकळी सपाट जमीन आणि त्यावर पाचट. मी चालायला लागले. पायाखाली पाचट करकरत होतं, ऋतुजा “या, या, सरळ” म्हणत होती. मध्यावर आले असेन… आणि माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला. चांगला वीतभर. पायरी चढताना उचलतो तसा. मी तो पुढं टाकला आणि खाली काहीच नव्हतं, म्हणून तोल जाऊन गुडघ्यावर आपटले.

ऋतुजा धावत आली. “काय हो, ठेच लागली? इथं तर काहीच नाही.”

“मला वाटलं पायरी आहे,” मी म्हटलं.

यांनी कप खाली ठेवला.

“होती,” ते म्हणाले. “ऋतू अगदी लहान होती, तिला आठवणार नाही. जमिनीच्या दोन पातळ्या होत्या इथं, मधोमध पायरी. रांगताना ही त्यावरून पडायची म्हणून मी फोडून काढली. वरची माती ओढून सारखी केली.” मग माझ्या पायाकडं बघत म्हणाले, “पायरी काढल्यावरसुद्धा ती तिथं आली की पाय उचलायची. तिला सवय झाली होती. मी हसायचो तिला.”

कारखान्याकडं जाणारी एक ट्रॉली गाणं लावून गेली, ते पार ऐकू येईनासं होईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. मग ऋतुजानं माझ्या गुडघ्याला लागलेली माती झाडली आणि हात तिथंच ठेवला.

बाग आता खड्यांनी ठरवली तशीच आहे. मी काही हलवलेलं नाही. परत काही जाणवलं का असं विचाराल, तर नाही. ना वास, ना सावली, ना स्वप्न. शेवंती संपली, आता अबोली आहे. स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. जमिनीचा उतार, ऊन, सूक्ष्म निरीक्षण, सुप्त मन… सगळं लावून बघितलं. बाक आणि तुळस कशीतरी बसवता येईल त्यात. पण मी या घरात यायच्या कितीतरी आधी फोडलेली पायरी माझ्या पायाला कशी माहीत, हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. झोप व्यवस्थित होते माझी.

आणि हेवा गेला का? ऋतुजानं परवा फोनवर हेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. मी तिला खरं सांगितलं. नाही गेला. आधी वाटायचा तो वंदनाजवळ जे होतं त्याचा. आता वेगळाच वाटतो. तिला मी माहीत आहे, अगदी माझ्या हातापायांसकट. मला मात्र ती अजून माहीत नाही.